आमच्या खळ्यातला अझ्टेक सूर्य

मेक्सिकोच्या देवांविषयी काही विचारायचं असेल तर आता मेक्सिकोला जायची गरज नाही. मोताळा तालुक्यात धामणगाव बढ्याला या आणि स्टँडवर ज्ञानू पेंटरचं घर विचारा! ही बढाई नाही. बरं, थोडी आहे. पण पुण्याच्या एका प्रकाशनानं लहान मुलांसाठी अझ्टेक पुराणकथांची सचित्र पुस्तकमाला काढायचं ठरवलं, आणि तिची चित्रं, मुखपृष्ठं, सजावट सगळं कुणाला दिलं? मला! ज्यानं तोवर कृषी केंद्रांच्या पाट्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवरचे हत्ती रंगवले होते, त्याला!

अझ्टेक म्हणजे मेक्सिकोतले जुने लोक. त्यांचे देव मोठे देखणे, पण नावं अशी की उच्चारताना जिभेला गाठ बसते. पिसं असलेला साप म्हणजे क्वेत्झालकोआत्ल. पावसाचा देव ट्लालोक. त्याच्या डोळ्यांभोवती गोल कडी आणि तोंडात सुळे. आणि सूर्यदेव तोनातियू, जो कायम जीभ बाहेर काढून बसलेला. ही नावं मी रोज सकाळी अंगणात दात घासताना पाठ करायचो. चार दिवस ऐकल्यावर बाबांनी, म्हणजे रामरावांनी, माझ्या बायकोला हळूच विचारलं, "प्रेरणा, याच्या दाढेत काई अडकलं का वं? डॉक्टरले दाखवा लागन."

"मामाजी, ते देवाचं नाव घेऊन राह्यले," प्रेरणा म्हणाली.

"मंग देवच पावो बापा!" असं म्हणून बाबा शेतात गेले.

काम मिळाल्याच्या आठवड्यातच मी दुकानावरची जुनी पाटी उतरवून नवी लावली होती: 'ज्ञानेश्वर आर्ट्स, आंतरराष्ट्रीय चित्रकार'. म्हणजे गावभर झालेलं होतं. आणि इथेच माझी मान अडकली. कारण पुण्याच्या संपादिकाबाईंनी पहिल्या पुस्तकाची माझी तीन मुखपृष्ठं एकामागून एक परत पाठवली. बाई बोलायला इतक्या गोड, की नकार ऐकल्यावर 'धन्यवाद' कधी म्हणून बसलो ते कळायचं नाही.

"सुंदर आहे हो," त्या म्हणायच्या, "पण जरा पाठ्यपुस्तकी वाटतंय. मला मातीचा वास हवाय." तिसऱ्यांदा मात्र आवाजातली साखर कमी झाली. "उद्या दुपारी बारापर्यंत नवं मुखपृष्ठ आलं नाही, तर मला नाइलाजानं दुसऱ्या चित्रकाराकडे जावं लागेल. मग पूर्ण मालाच त्यांच्याकडे जाईल."

पूर्ण माला! मला त्या रंगवलेल्या पाटीवरचं 'आंतरराष्ट्रीय' पुन्हा खरवडून काढतानाचा मीच दिसायला लागलो. खाली उभे राहून सल्ले देणारे लोकही दिसले.

पण संकटात प्रतिभा जागी होते म्हणतात. माझीही झाली! अझ्टेकांची एक प्रसिद्ध सूर्यशिळा आहे. मोठी गोल. मधोमध सूर्याचं तोंड, त्याच्याभोवती चार चौकोन, कारण आपल्या आधी चार जगं झाली आणि चारही बुडाली असं ते मानत. मग त्याभोवती वर्तुळांवर वर्तुळं. आमचं पहिलं पुस्तक होतं मका माणसाला कसा मिळाला याचं. मी ठरवलं, ही सूर्यशिळा कागदावर काढायचीच नाही. खऱ्या मातीवर, खऱ्या धान्याची मांडायची आणि वरून फोटो! घ्या म्हणावं मातीचा वास!

घरामागचं खळं प्रेरणानं शेणानं सारवून दिलं. दुपारी आमरस-पोळी जरा जास्तच झाली होती, पण उन्हं कलल्यावर मी कंबर कसून बसलो. मधोमध सूर्याचं तोंड म्हणून उडदाचा मोठा पापड, त्याला लाल मिरचीची जीभ. भोवती चार बुडालेली जगं म्हणून शेतातली चार ढेकळं. मग धान्याची वर्तुळं: गहू, ज्वारी, तूर, हरभरा, मूग, तीळ, सरकी. सगळ्यांत बाहेर मक्याचे पिवळेधमक किरण. आणि पावसाचा देव रुसू नये म्हणून वरच्या अंगाला पाण्यानं भरलेली छोटी घागर.

वाऱ्यानं दाणे हलू नयेत म्हणून चिकटवायला काहीतरी हवं होतं. डिंक फोटोत चकाकतो. मग मला सुचलं, गुळाचं घट्ट पाणी!

"अहो, गुयानं मुंग्या येतीन," प्रेरणा म्हणाली.

"कलेत एवढं भ्यायचं नसतं," मी म्हणालो.

तिनं गुळाचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

आता फोटो. माझा मित्र अश्वजित लग्नाचे फोटो काढतो आणि त्याच्याकडे ड्रोन आहे. त्याला फोन लावला तर मागे बँड कडाडत होता.

"आज नाई जमत बे!" तो ओरडला. "आखजीची तीथ हाय! रोहिणखेडले लगन करून राह्यलो. सकायी येतो नं, डिरोन घेऊनच येतो!"

मी म्हटलं उत्तम. सकाळचं तिरपं ऊन तर आणखीच छान. आणि निवांत झोपायला गेलो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकांनी इथे कपाळावर हात मारला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या जिल्ह्यात भेंडवळला आखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात. गोलात निरनिराळी धान्यं. मधे पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं. त्यावर पाण्यानं भरलेली घागर. पापड, कुरडई वगैरे. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना जाऊन बघायचं, कोणतं धान्य किती हललं, आणि त्यावरून वर्षाचा पाऊस आणि पिकं सांगायची. सगळा जिल्हा त्या सकाळची वाट बघतो. मीही लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून बघून आलोय. दुपारी आखजीचा आमरस चापला होता. अश्वजितनं तर आखजी कानात ओरडून सांगितली होती. आणि तरीही माझ्या डोक्यात शिरलं नाही! कारण डोक्यात जागाच नव्हती, सगळीकडे क्वेत्झालकोआत्ल पसरला होता.

सकाळी जाग आली ती गलक्यानं. डोळे चोळत मागच्या दारी आलो, तर खळ्याच्या कडेला चपलांचा ढीग, आणि आत निम्मी आळी अनवाणी उभी! शेजारच्या अन्नपूर्णाबाईंनी झुंजूमुंजू असतानाच भिंतीवरून डोकावून पाहिलं होतं, आणि त्यांनी एकदा पाहिलं की वेगळी दवंडी लागत नाही. मधोमध खुर्ची टाकून बसले होते भाऊराव. आमच्या आळीतले हे सगळ्यात जाणते. दरवर्षी भेंडवळला जाणारे. यंदा गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे घरी राहिलेले आणि म्हणून आठवडाभर कुणाशी धड न बोललेले. आज त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"रामराव, लय पुण्याचं काम केलं गड्या!" ते बाबांना म्हणत होते. "माह्यासाठी घट घरीच मांडला!"

आणि बाबा? ज्या माणसाला काल संध्याकाळपर्यंत माझं काम म्हणजे रिकामा उद्योग वाटत होता, तो माणूस धुतलेलं धोतर नेसून, हात मागे बांधून म्हणत होता, "माह्या ज्ञानूनंच मांडला. त्याले पयल्यापासून नाद हाय."

मी पुढे होऊन पाहिलं. मुंग्या! मुंग्या म्हणजे काय, फौज! तिळाचं वर्तुळ तर सबंध गायब होतं. मुगाला मोठं भगदाड. आणि माझे मक्याचे किरण? काळे मुंगळे एकेका दाण्याला चौघंचौघं लागून ओढत होते, आणि पिवळी वाकडीतिकडी रांग खळ्यातून कुंपणाकडे निघाली होती. प्रेरणा दारात उभी होती. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं.

बारापर्यंत वेळ होता. अजून सावरता येईल! मी खाली बसून पहिला मक्याचा दाणा उचलायला हात घातला, तोच गर्जना झाली.

"हात लावू नोको!"

सगळे एकदम ओरडले होते. बाबा सगळ्यांत मोठ्यानं.

"अहो, पण हा घट नोहे!" मी म्हणालो. "हे पुस्तकाचं काम हाय! हे मेक्सिकोतलं हाय!"

भाऊरावांनी शांतपणे मान वळवली. "तिकडंही मांडतेत का? मंग तिकडं पाऊस कसा सांगतला?"

"काका, पाऊस नाई! हा सूर्यदेव हाय. हे चार ढेकळं म्हंजे चार बुडालेले जग..."

"चार जग बुडाले!" भाऊरावांनी ढेकळांकडे पाहिलं. घागर रात्रीतून झिरपली होती आणि चारही ढेकळं ओली होती. "म्हंजे चारी महिने पाऊस हाय. बुडवून बी देईन."

लोकांनी समाधानानं सुस्कारा सोडला.

"अन् काका, हे जीभ काऊन बाहीर हाय?" अन्नपूर्णाबाईंनी पापडाकडे बोट दाखवलं.

"घटात मधातला तो राजा. राजा तहानला," भाऊराव म्हणाले. मग जिभेकडे पुन्हा पाहून, "नाई त मंग खोटं बोलून राह्यला. दोन्हीतून एक."

"अन् मका? मक्याचं सांगा नं!" बाबांचा आवाज एकदम बारीक झाला. कारण बाबांनी यंदा मागच्या वावरात मकाच पेरायचं ठरवलं होतं, आणि बियाण्याच्या पिशव्या आणून खाटेखाली ठेवल्याही होत्या.

भाऊरावांनी त्या पिवळ्या रांगेवरून कुंपणापर्यंत बोट फिरवलं. "मका त पयाला, रामराव. कुंपणापार पयाला."

बाबांचा चेहरा पडला. मला खरंच वाईट वाटलं. गूळ मी लावला होता आणि मका त्यांचा पळत होता! तेव्हा मी ठरवलं की आता शांत डोक्यानं सगळ्यांना नीट समजावून सांगायचं. माणसानं शांत डोक्यानं ठरवलेल्या गोष्टी फार महागात पडतात.

"सारे जन ऐका," मी म्हणालो. "हे नुसती एक गोठ हाय. मेक्सिकोतल्या लोकायची. माणसं उपाशी होते. मका एका डोंगराच्या पोटात दडलेला होता, देवायलेही भेटे ना. मंग त्यायनं पाह्यलं, एक लाल मुंगी दाणा घेऊन बाहीर येऊन राह्यली. तवा त्यायचा मोठा देव काय करते? सोता काया मुंगळा होते! अन् डोंगरात घुसून मक्याचा दाणा बाहीर आणते, माणसायसाठी. इतकंच! समजलं?"

समजलं. फारच समजलं! सगळ्यांच्या नजरा हळूहळू खाली गेल्या. काळे मुंगळे मक्याचा दाणा घेऊन शांतपणे चालले होते.

"मायबाई!" अन्नपूर्णाबाईंनी हात जोडले. "देव सोता आले!"

"म्हंजे मका पयाला नाई," भाऊराव खुर्चीतून अर्धे उठत म्हणाले, गुडघ्यांसकट! "देवानं नेला! रामराव, डोये झाकून मका पेरा!"

बाबांच्या जीवात जीव आला. त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर हात ठेवला. असा हात त्यांनी मी दहावी पास झालो तेव्हाही ठेवला नव्हता. मला बरं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात अन्नपूर्णाबाई घरात गेल्या आणि हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आल्या. मग काय! प्रत्येक बाईनं चिमूट चिमूट वाहिली. गव्हावर कुंकू, तुरीवर हळद, मुंगळ्यांवर दोन्ही. सूर्यदेवाच्या कपाळावर तर इतकं कुंकू पडलं की डोळेच दिसेनासे झाले. मी "अवं मावशी, हळू! मावशी, रंगसंगती!" असं काहीतरी म्हणत होतो, पण ऐकतो कोण.

या सगळ्यात उन्हं चांगली वर आली आणि तेव्हा कुठे अश्वजित आला. सबंध लग्न उरकून तसाच, केसात अजून अक्षता. एका हातात ड्रोनची पेटी, दुसऱ्या हातात जांभई.

"इतली गर्दी काऊन बे? कोणाचं काई झालं का?"

"माह्यं झालं," मी म्हणालो. "लवकर काढ. जसं हाय तसं काढ. अकरा वाजत आले."

त्यानं ड्रोन उडवला. लोक आधी दचकले, मग खूश झाले, मग प्रत्येक जण टोपी सारखी करून वर बघायला लागला. "खाली पाहा! खाली पाहा!" मी ओरडत होतो. "अश्वजित, जरा खाली घे, दाणे दिसू दे!"

त्यानं घेतला खाली. जरा जास्तच. ड्रोनच्या पंख्यांचा असा काही वारा सुटला की राहिलेली सरकी उधळली, हळदीकुंकवाचा लोट उठला, बायांनी पदर तोंडाला लावले, आणि गुळाला फक्त एका कडेनं चिकटलेला तो पापड फडफडला, उभा राहिला आणि उडाला!

"राजा उडाला!" भाऊराव किंचाळले.

सगळ्यांचे हात एकदम वर. पापड भिंतीवरून पलीकडे गेला. पलीकडे अन्नपूर्णाबाईंची शेळी बांधलेली असते. कुर्रम असा एकच आवाज आला.

"राजाले शेयीनं खाल्लं," कुणीतरी गंभीरपणे सांगितलं. भाऊरावांनी डोळे मिटले.

मी डोकं धरून जागच्या जागी उभा होतो. चार बुडालेली जगं तरी उरली होती. पाचवं माझं होतं, ते आत्ताच गेलं. लोक "आता तिकडं भेंडवळचं काय आलं ते पाहू" असं म्हणत मोबाइल काढायला लागले. मी जाऊन खाटेवर पडलो आणि भिंतीकडे तोंड केलं. पुण्याला काय सांगायचं? शेळीनं मुखपृष्ठ खाल्लं? दुकानाची पाटी आजच उतरवावी की उद्या, एवढाच विचार करायचा उरला होता.

"अहो," प्रेरणा आत आली. "डिरोनमंधी एक फोटो निघाला होता. म्या पुण्याले पाठवून देल्ला."

"कोणता फोटो?" मी ताडकन उठून बसलो. "मला न विचारता?"

"तुम्हाले इचारलं असतं त बारा वाजले असते," ती म्हणाली. आणि फोन वाजला.

संपादिकाबाई! माझे हात गुळानं आणि घामानं इतके चिकट झाले होते की प्रेरणानंच फोन घेऊन स्पीकर लावला. बाबा दारात आले. त्यांच्यामागे भाऊराव, अन्नपूर्णाबाई, अश्वजित. आळी काही घरी गेलेली नव्हती.

"ज्ञानेश्वर!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "अहो, हे काय पाठवलंत तुम्ही!"

"मॅडम, मी सांगतो, ते असं झालं की..."

"अप्रतिम! मी शब्दच शोधतेय! मधोमध सूर्यच नाही, नुसती रिकामी जागा आणि उरलेली एक लाल जीभ. पाचव्या सूर्याचा, म्हणजे आपल्याच जगाचा अंत! काय कल्पना आहे! आणि त्या मुंग्या! आणि हवेत उसळलेला तो लाल-पिवळा धूर, भोवती हात उंचावून भयानं किंचाळणारी माणसं. इतका अस्सल अभिनय तुम्ही कुठून करून घेतलात?"

दारातल्या सगळ्या अस्सल अभिनेत्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबांनी मिशीवरून हात फिरवला. मी घसा साफ केला. अशा वेळी नम्र राहायचं असतं.

"नाही, म्हणजे, बराच विचार केला होता मी," मी म्हणालो. "प्रत्येक दाण्याचा."

प्रेरणा खोकली.

"ते दिसतंच आहे," बाई म्हणाल्या. "पूर्ण माला तुमचीच! मी करारपत्र आजच पाठवते."

दारात जल्लोष झाला. अश्वजितनं शिट्टी मारली. बाबा भाऊरावांना सांगत होते, "म्या म्हनलं नोतं का, त्याले पयल्यापासून नाद हाय!" मला आनंदानं रडूच यायला लागलं.

"फक्त एक छोटा बदल हवाय," फोनमधून आवाज आला.

"सांगा की मॅडम, काहीही सांगा!"

"डाव्या कोपऱ्यात एक माणूस आहे बघा. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, डोकं धरून उभा. बाकी सगळे इतके जिवंत आहेत, पण हा अगदीच नवशिका वाटतोय. त्याच्यामुळे चित्राचा सगळा जीव जातो. तेवढा माणूस काढून टाका, मग मुखपृष्ठ निर्दोष होईल."

मी माझ्या शर्टाकडे पाहिलं. आळीनंही पाहिलं. पट्टे होते.

"काढतो, मॅडम," मी म्हणालो.

आणि काढला. संध्याकाळपर्यंत बसून, काँप्युटरवर एकेक पट्टा पुसत, त्याच्या जागी शेणानं सारवलेली जमीन भरत, अगदी सफाईनं काढला. तिथे कधी कुणी उभं होतं अशी शंकासुद्धा येत नाही. प्रेरणा म्हणते, सबंध मुखपृष्ठात तेवढंच काय ते माझ्या हातचं आहे, आणि झालंय मात्र फार सुंदर.